बेल्जियमची चिल्लर: एकाच किमतीची दोन नाणी कशासाठी?

टांकसाळ

नमस्कार मंडळी. युरोपातून आलेल्या जुन्या चिल्लरीत बेल्जियमचा १ फ्रँक हमखास सापडतो. १९५० पासून १९८८ पर्यंत तो एकाच रूपात पाडला जात होता. एका बाजूला सेरेस या धान्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मुकुट, डहाळी आणि '१ एफ'. हाताशी अशी तीन-चार नाणी असतील तर ती शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघा. काहींवर फ्रेंचमध्ये 'बेल्जिक' लिहिलेलं दिसेल, काहींवर डचमध्ये 'बेल्गिए'. आकार, धातू, चित्र, किंमत सगळं एकच. फरक फक्त देशाच्या नावाचा.

१८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला. लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोक डच, म्हणजे तिकडची फ्लेमिश बोली, बोलणारे होते. पण राज्यकारभार, न्यायालयं, सैन्य, वरचं शिक्षण सगळं फ्रेंचमध्ये. १८३१ ची राज्यघटनाही फ्रेंचमध्येच होती आणि तिच्या डच मजकुराला अधिकृत दर्जा मिळायला १९६७ साल उजाडलं. नाण्यांचंही तसंच. १८३२ पासून पहिल्या लिओपोल्डच्या नाण्यांवर फक्त फ्रेंच. डच अक्षरं आली थेट १८८६ मध्ये, दुसऱ्या लिओपोल्डच्या काळात. त्या वर्षीच्या १ फ्रँकची दोन रूपं आहेत, 'ऱ्वा दे बेल्ज' आणि 'कोनिंग देर बेल्गेन', दोन्हींचा अर्थ बेल्जियनांचा राजा.

म्हणजे घटनेच्या आधी ८१ वर्षं डच भाषा नाण्यावर पोचली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. घेंटच्या सूतगिरणीतल्या कामगाराने घटना कधी हातात धरली नसेल, पण पाच-दहा सेंटिम (फ्रँकचे शंभरावे भाग) रोज धरले. सरकारने छापलेली अक्षरं त्याच्या हातात पडत होती ती नाण्यावर. म्हणून लहान नाण्यावरची भाषा ही मला वरवरची गोष्ट वाटत नाही.

दोन्ही भाषा एकाच नाण्यावर घालणं शक्य होतं, तरी त्यांनी दोन वेगळे ठसे केले. माझ्या मते त्या काळासाठी तेच योग्य होतं, कारण कुठलीच भाषा दुसऱ्या नंबरावर गेली नाही. तुम्हाला काय वाटतं?

मृण्मयी_पुणे

फार छान विषय. आमच्याकडे ५० सेंटिमचं एक तांबूस बारकं नाणं आहे, त्यावर हेल्मेट घातलेला माणूस आणि शेजारी कंदील. लहानपणी मी त्याला अंतराळवीर समजायचे. ते पण बेल्जियमचंच का?

टांकसाळ

हो मृण्मयी, तो खाणकामगार आणि त्याचा खाणीतला दिवा. १९५२ पासून फ्रँक संपेपर्यंत हे नाणं चाललं. तेही दोन भाषांत आहे.

दादरकर

धाग्याशी असहमत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन ठसे, दोन हिशेब, दोन वेळा जुळणी, हे कुठल्याही टांकसाळीला परवडण्यासारखं काम नाही. त्याहून मोठा आक्षेप असा की एकाच नाण्यावर दोन्ही भाषा असल्या की प्रत्येक नागरिकाला दुसऱ्याची अक्षरं रोज दिसतात, नको असली तरी. वेगळी नाणी म्हणजे 'तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी'. पुढे बेल्जियमचं झालं ते नेमकं तेच. १९६२-६३ मध्ये कायद्याने भाषेची सीमारेषा आखली, १९७० पासून घटनादुरुस्त्या करत करत देश संघराज्य झाला, पक्षसुद्धा भाषेप्रमाणे दुभंगले. नाण्यांनी हे केलं असं म्हणत नाही. पण नाण्यांत त्याची खूण आधीपासून होती.

लुव्हेनवासी

दादरकर, तुमच्या मुद्द्यात एक अडचण आहे. ती नाणी 'तुझ्यापाशी, माझ्यापाशी' राहत नव्हती. मी बरीच वर्षं लुव्हेनमध्ये राहते. इथल्या वयस्क शेजाऱ्यांना मुद्दाम विचारलं, तर ते म्हणाले की पाकिटात दोन्ही असायची आणि कुणी बघायचंसुद्धा नाही. फ्रेंच भागातल्या लिएजच्या बेकरीत 'बेल्गिए' यायचं, डच भागातल्या अँटवर्पच्या ट्राममध्ये 'बेल्जिक'. डच नाणी डच बोलणाऱ्या फ्लँडर्सला आणि फ्रेंच नाणी फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियाला पाठवायची अशी वाटणी नव्हतीच. म्हणजे दुसऱ्याची अक्षरं रोज दिसतच होती, फक्त ती आपल्या भाषेच्या खाली किंवा वर नसायची.

बाकी गोष्टींत मात्र वाटणी भरपूर. इथल्या विद्यापीठाची हकिकत सांगते. १९६८ साली 'वालोन बाहेर' अशा घोषणा देत फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर आले, सरकार पडलं, आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच भागासाठी लुव्हें-ला-नव नावाचं नवंकोरं गाव वसवलं गेलं. ग्रंथालयातली पुस्तकं सम-विषम क्रमांकांप्रमाणे वाटली. एका संचाचे खंड दोन गावांत गेल्याच्या गोष्टी इथले ग्रंथपाल अजून कळवळून सांगतात.

तळकोकणी

बापरे, पुस्तकं सम-विषम! भावाभावांत भांडी वाटतात तसं. आमच्याकडे निदान पितळी घंगाळ कुणीतरी एकजण घेऊन जातो.

सातपुडा

लुव्हेनवासी, सुंदर माहिती. ट्रेनचंही सांगा ना. मी लुव्हेनहून लिएजला जाताना फलकावर लिएज शोधत बसलो होतो आणि गाडी समोरून निघून गेली.

लुव्हेनवासी

सातपुडा, फ्लँडर्समधल्या फलकावर लिएजला 'लॉइक' म्हणतात आणि मॉन्सला 'बेर्गेन'. गार्डची घोषणा फ्लँडर्समध्ये डच, वालोनियात फ्रेंच, ब्रसेल्समध्ये दोन्ही. हद्द ओलांडली की त्याच माणसाची भाषा बदलते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन्ही नावं कागदावर लिहून देते.

सीमावासी

हे सगळं वाचताना बेळगाव आठवल्याशिवाय राहत नाही. एसटीवरचे फलक, दुकानांच्या पाट्या...

व्यवस्थापक

सीमावासी, विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यासाठी वेगळा धागा चालू आहे. इथे नाण्यांवर राहू या. धन्यवाद.

गद्रेकाका

धागाकर्त्यांनी १८८६ सांगितलं, त्याची थोडी मागची बाजू सांगतो.

१८६० मध्ये शार्लरुआ इथे कुके आणि गुथाल्स या दोन फ्लेमिश मजुरांना खुनाच्या आरोपावरून गिलोटिनखाली मारलं. खटला फ्रेंचमध्ये चालला होता. त्यांना काय समजलं आणि काय नाही याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण आपल्या माणसांना न कळणाऱ्या भाषेत मरण सुनावलं, ही भावना फ्लँडर्समध्ये खोल रुतली. १८७३ मध्ये फ्लेमिश भागातल्या फौजदारी खटल्यांत डच वापरण्याचा कायदा आला, १८७८ मध्ये प्रशासनासाठी, १८८३ मध्ये सरकारी माध्यमिक शाळांसाठी. नाणी याच ओळीतली पुढची पायरी. त्यानंतर १८९८ मध्ये कायद्यांचा डच मजकूर फ्रेंचच्या बरोबरीचा ठरला. घेंटचं विद्यापीठ पूर्ण डच व्हायला १९३० उजाडलं.

ही मालिका बघितली की टांकसाळ यांचं म्हणणं पटतं. नाण्यावरची अक्षरं बदलायला न्यायाधीश बदलावे लागत नाहीत, प्राध्यापक बदलावे लागत नाहीत. ठसा बदलला की झालं. म्हणून तिथे आधी यश आलं.

दादरकर

काका, मग माझाच मुद्दा झाला ना? जिथे काही द्यावं लागत नाही तिथे आधी दिलं. नाणं म्हणजे स्वस्तातली समानता.

गद्रेकाका

दादरकर, स्वस्त असेल, पण देणाऱ्याला. घेणाऱ्याच्या दृष्टीने बघा. राज्याने एकदा आपल्या भाषेत राजाचं नाव छापलं की 'ही भाषा सरकारी कामाला चालत नाही' असं कुणी कुठल्या तोंडाने म्हणणार? पुढच्या मागण्यांना त्याचा आधार मिळाला.

मृण्मयी_पुणे

काकांना +१.

अभ्यंकर_टोरांटो

कॅनडात हाच प्रश्न नोटांच्या बाबतीत आला होता. बँक ऑफ कॅनडाने १९३५ मध्ये पहिल्या नोटा काढल्या त्या इंग्रजी वेगळ्या आणि फ्रेंच वेगळ्या. दोनच वर्षांत, १९३७ च्या मालिकेत, दोन्ही भाषा एका नोटेवर आल्या आणि आजतागायत तशाच आहेत. नाण्यांत मात्र भांडणाला जागाच नव्हती. 'कॅनडा' दोन्ही भाषांत तेच, 'सेंट्स' तेच, राजाराणीभोवतीची अक्षरं लॅटिन. नशीबवान लोक.

स्वित्झर्लंडनेही लॅटिनच धरली. चार भाषा, नाण्यावर 'हेल्वेशिया'. कुणाचीच मातृभाषा नाही, त्यामुळे कुणाचाच रुसवा नाही.

जोशीबुवा_दर्बान

दक्षिण आफ्रिकेने दोन्ही करून बघितलं. १९६१ मध्ये रँड आला तेव्हा नाण्यांवर इंग्रजी आणि आफ्रिकान्स दोन्ही होत्या. १९६५ ते १९६९ मध्ये बेल्जियमसारखी वेगळी नाणी काढली, 'साउथ आफ्रिका' आणि 'स्युइड-आफ्रिका'. १९७० पासून परत दोन्ही एकत्र. त्या सगळ्या वर्षांत झुलू, खोसा, सोथो बोलणाऱ्या बहुसंख्य लोकांची एकही भाषा नाण्यावर नव्हती, हे आधी ध्यानात घ्या. दोन भाषांमध्ये न्याय कसा करायचा यावर एवढा खल करणारं सरकार बाकीच्यांना मोजतच नव्हतं. १९९६ पासून देशाचं नाव आळीपाळीने अकरा अधिकृत भाषांत येऊ लागलं. 'आफ्रिका बोर्वा' (सोथोत दक्षिण आफ्रिका) लिहिलेलं नाणं पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या दुकानातल्या सहकाऱ्याने ते गल्ल्यात टाकायला नकार दिला आणि स्वतःच्या खिशातलं नाणं बदल्यात टाकलं.

टांकसाळ

जोशीबुवा, हा प्रतिसाद मनापासून आवडला. बेल्जियमबाबतही हा प्रश्न विचारलाच पाहिजे. काँगो त्यांची वसाहत होती. १९२० च्या दशकात बेल्जियन काँगोसाठी ५० सेंटिम आणि १ फ्रँक पाडले, त्यांवर तेलताडाचं झाड आणि मजकूर फ्रेंचमध्ये वेगळा, डचमध्ये वेगळा. म्हणजे युरोपातला भाषेचा समतोल जसाच्या तसा उचलून विषुववृत्तावर नेला. लिंगाला, स्वाहिली, किकोंगो, चिलुबा या भाषा बोलणाऱ्या लोकांच्या हातात ती नाणी पडत होती आणि त्यांच्या एकाही भाषेला जागा नव्हती. मायदेशात ज्याला अन्याय म्हणून लढले, तोच तिथे केला. यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

तळकोकणी

गोव्यातही पोर्तुगीज नाण्यांवर शेवटपर्यंत पोर्तुगीजच होती. माझी आजी त्या नाण्यांवरचं वाचू शकत नव्हती, पण ५० किलोमीटरच्या आत कुठलं नाणं कुठे चालतं ते तिला पक्कं माहीत.

सई_ठाणे

प्रश्न आहे. दोन्ही भाषा एकाच नाण्यावर असं बेल्जियममध्ये कधीच झालं नाही का? कारण आमच्याकडे एक भोकाचं नाणं आहे, आपल्या भोकाच्या पैशासारखं, त्यावर मला दोन्ही नावं दिसताहेत.

टांकसाळ

सई, अगदी नेमकं बोट ठेवलंत. झालं, आणि तीच या विषयातली सगळ्यात रंगतदार गोष्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या महायुद्धात बेल्जियमचा बहुतेक भाग जर्मनांच्या ताब्यात होता. तेव्हा जस्ताची ५, १० आणि २५ सेंटिमची नाणी निघाली, त्यांवर दोन्ही भाषांत देशाचं नाव होतं. युद्ध संपल्यावर परत वेगळे ठसे. १९२२ पासूनच्या १ फ्रँकच्या काही नाण्यांवर फ्रेंचमध्ये 'बाँ पूर', काहींवर डचमध्ये 'खूत फोर', दोन्हींचा अर्थ 'इतक्या किमतीला ग्राह्य'. १९३० च्या पाच फ्रँकच्या नाण्यावर 'बेल्गा' हे एकक आहे, तेही 'अं बेल्गा' आणि 'एन बेल्गा' असं वेगवेगळं.

मग १९३८ मध्ये तिसऱ्या लिओपोल्डच्या काळात दोन्ही भाषा एका नाण्यावर आणायचं ठरलं. सईंचं भोकाचं नाणं बहुधा त्याच मालिकेतलं. आता प्रश्न आला की आधी कोण? 'बेल्जिक-बेल्गिए' की 'बेल्गिए-बेल्जिक'? त्यावर तोडगा काय काढला असेल? दोन्ही पाडली! त्याच किमतीची, त्याच चित्राची नाणी, काहींवर फ्रेंच आधी, काहींवर डच आधी. १९३९ च्या १ फ्रँकवर तीन ढाली आहेत, त्याचेही दोन क्रम मिळतात. दुसऱ्या महायुद्धात परत जस्ताची नाणी आली तेव्हाही हे दोन क्रम पाळले गेले. देश परक्या सैन्याच्या टाचेखाली, तांबं-निकेल मिळत नाही, आणि टांकसाळीत मात्र कोणतं नाव आधी याची काळजी सुटलेली नाही.

म्हणजे दादरकर, एका नाण्यावर दोन भाषा घातल्या तरी ठसे दोनच राहिले. खर्च वाचला नाही. १९४८ पासून सेरेसची नाणी आली तेव्हा त्यांनी हे सोडून परत स्वतंत्र नाणी धरली. मला यात हट्ट दिसत नाही, शहाणपण दिसतं. दहा वर्षं करून बघितलं आणि क्रमाचा प्रश्न उरतोच हे कळलं. सेरेसच्या नाण्यावर 'फ्रँक' हा शब्दही पूर्ण लिहिला नाही, फक्त 'एफ'. दोन्ही भाषांत शब्दाचं शेवटचं अक्षर वेगळं आहे, तेवढ्यासाठी आणखी एक फरक नको.

दादरकर

हे क्रमाचं मला ठाऊक नव्हतं. खर्चाचा मुद्दा मागे घेतो. मूळ मुद्द्यावर ठाम आहे.

सई_ठाणे

टांकसाळ, बघितलं. माझ्याकडच्या नाण्यावर 'बेल्जिक' आधी आहे. आता दुसरा क्रम शोधणं आलं!

सातपुडा

अवांतर: १९४४ चं २ फ्रँकचं एक नाणं अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलं गेलं. युद्धात अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट काढले होते, त्यांच्या उरलेल्या चकत्यांवर. अडीच कोटी नाणी. त्यावर दोन्ही नावं आहेत. अमेरिकन संग्राहक याच्या मागे असतात.

गद्रेकाका

सातपुडा, बरोबर. गंज फार धरतं ते. चांगल्या अवस्थेत मिळालं तर कोरड्या जागी ठेवा, बोटं लावू नका.

वऱ्हाडी_ठेचा

धाग्याला उशिरा आलो, पण भारताचा विषय कोणी काढला नाही याचं नवल वाटलं. आपल्या नाण्यावर हिंदी आणि इंग्रजी. १९५७ मध्ये नवा पैसा आला त्यावर 'रुपये का सौवाँ भाग'. माझ्या आजोबांना ते वाचता यायचं कारण लिपी देवनागरी. तमिळ माणसाने काय वाचायचं?

इंग्रजांच्या काळात उलट बघा. पंचम जॉर्जच्या तांबं-निकेलच्या चवली-पावलीवर किंमत नागरी, बंगाली, तेलुगू आणि उर्दू लिप्यांत असायची. चित्र ओळखून, आकार ओळखून लोक नाणं चालवतातच, पण परक्या सरकारलाही चार लिप्यांची गरज वाटली होती.

मृण्मयी_पुणे

वऱ्हाडी, पण आपल्या नोटेवर पंधरा भाषांची पट्टी आहे ना. आणि तिथे क्रमाचं भांडण नाही कारण इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावल्या आहेत. मल्याळमनंतर मराठी, मराठीनंतर नेपाळी. कोकणी १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली आणि मग पट्टीतही आली. माझी गोव्याची मैत्रीण तो किस्सा अजून अभिमानाने सांगते.

वऱ्हाडी_ठेचा

नोटेवर जागा आहे हो. मी चिल्लरीचं बोलतोय. धागा चिल्लरीचा आहे. मजुराच्या हातात रोज पडतं ते नाणं, हे टांकसाळ यांनी पहिल्याच प्रतिसादात म्हटलंय. रुपयाच्या नाण्यावर आळीपाळीने मराठी, तमिळ, बंगाली, कन्नड आली तर काय बिघडेल? दक्षिण आफ्रिकेने करून दाखवलं.

दादरकर

बिघडेल काही नाही. पण खोटी नाणी ओळखणं अवघड होईल. अनोळखी अक्षरांचं नाणं भाजीवाली घेणार नाही. दहा रुपयांच्या नाण्याची वेगवेगळी चित्रं निघाली तर कित्येक गावांत ती खोटी म्हणून नाकारली, शेवटी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं. चित्र बदललं तर ही गत, मग भाषा बदलली तर?

वऱ्हाडी_ठेचा

हे मात्र खरं. आमच्या यवतमाळात दहाचं नाणं बरीच वर्षं कुणी घेत नव्हतं.

लुव्हेनवासी

इथे दादरकरांचा मुद्दा बेल्जियमलाही लावून बघू. तिथे भाषा दोनच होत्या, लिपी एकच, आणि १८८६ पासून लोकांना सवय झाली होती. त्यामुळे कुणी नाणं नाकारलं नाही. लक्झेंबर्गमध्येसुद्धा, १९२२ पासून त्यांचं बेल्जियमशी आर्थिक संघटन असल्याने, दोन्ही प्रकारची बेल्जियन नाणी बिनबोभाट चालत.

जर्मनचं राहिलं. १९२० पासून पूर्वेकडचा ऑयपेनचा भाग बेल्जियममध्ये आला, जर्मन बोलणारा. जर्मन ही इथली तिसरी अधिकृत भाषा. रोजच्या चिल्लरीवर ती कधी आली नाही. १९९० मध्ये बाउदुआँ राजाच्या साठीनिमित्त ५०० फ्रँकचं चांदीचं नाणं काढलं, त्याची मात्र फ्रेंच, डच आणि जर्मन अशी तीन रूपं आहेत. संग्राहकांच्या चांदीत जागा मिळाली, पण पावाच्या पैशात नाही. ऑयपेनच्या लोकांचं याबद्दल काय म्हणणं आहे ते कुणीतरी लिहायला हवं.

अभ्यंकर_टोरांटो

'संग्राहकांच्या चांदीत जागा मिळाली, पण पावाच्या पैशात नाही.' वा!

सई_ठाणे

मग युरोवर काय केलं? युरोच्या नाण्यांची एक बाजू प्रत्येक देशाची असते ना?

टांकसाळ

सई, युरोवर भाषा काढूनच टाकली. २००२ मध्ये चलनात आलेल्या बेल्जियन युरो नाण्यांवर दुसऱ्या आल्बर्टचा चेहरा, बारा तारे, वर्ष, आणि मुकुटाखाली 'ए' हे अक्षर. देशाचं नाव नाहीच, कुठल्याच भाषेत नाही. नाण्यावर देशाची ओळख हवी असा युरोपीय पातळीवर आग्रह झाल्यावर २००८ पासून 'बीई' ही दोन अक्षरं आली, जी तिन्ही भाषांना चालतात. २०१३ मध्ये नवा राजा आला, त्याला फ्रेंचमध्ये फिलिप 'पी'ने लिहितात आणि डचमध्ये 'एफ'ने. २०१४ पासूनच्या नाण्यांवर त्याची मुद्रा आहे 'एफपी', दोन्ही अक्षरं एकमेकांत गुंफून.

हे चतुराईचं आहे, पण मला ते आवडत नाही. १८८६ ते २००१, म्हणजे ११५ वर्षं, दोन्ही भाषांनी नाण्यावर पूर्ण, सुटं, ठसठशीत नाव मिळवलं होतं. आता दोघांनाही काही नाही. भांडण टळलं असेल, पण जे कमावलं होतं तेही गेलं. दादरकरांना वेगळी नाणी म्हणजे दुरावा वाटतो, मला दुरावा या कोऱ्या जागेत जास्त दिसतो.

दादरकर

इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. एकत्र लिहा, वेगळं लिहा, आळीपाळीने लिहा. पण लिहा.

गद्रेकाका

जुन्या तांब्याच्या सेंटिमवर सिंह आहे, तो एका पाटीला टेकून बसलाय आणि पाटीवर '१८३१ ची राज्यघटना' असं फ्रेंचमध्ये. भोवती ब्रीदवाक्य 'ल्युनिओं फे ला फोर्स', एकी हेच बळ. डचमध्ये तेच वाक्य 'एन्द्राख्त माक्त माख्त'. एकीचं वाक्य वेगवेगळ्या नाण्यांवर लिहावं लागलं याला लोक हसतात. मी हसत नाही. ज्याला जे वाक्य पटायला हवं, ते त्याच्याच भाषेत सांगावं लागतं.

मृण्मयी_पुणे

काका, खाणकामगाराच्या नाण्याबद्दल अजून काही सांगाल का? ते माझं आवडतं.

गद्रेकाका

मृण्मयीताई, ते मार्सेल राऊ या शिल्पकाराचं काम, सेरेसची नाणीही त्यांचीच. चेहरा बाजूने दाखवलाय, कातडी शिरस्त्राण, जबडा घट्ट. डच भागातल्या लिंबर्गमध्येही कोळसा निघायचा आणि फ्रेंच भागातल्या बोरिनाज, शार्लरुआ, लिएजमध्येही. हा चेहरा दोन्हीकडचा. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं गेली, त्यात १३६ इटालियन होते. युद्धानंतर कोळशाच्या करारावर आणलेले. त्यांच्या पगाराच्या पाकिटात हीच नाणी असणार. त्यांची भाषा फ्रेंचही नव्हती आणि डचही.

जोशीबुवा_दर्बान

काका... हे वाचून काही क्षण थांबलो. आमचे पणजोबा इथे उसाच्या मळ्यावर आले तेव्हा त्यांनाही वाचता न येणाऱ्या नाण्यांत मजुरी मिळाली होती.

तळेगावकर

मंडळी, सगळा धागा एका बैठकीत वाचला, वाचनखूण साठवली. व्यावहारिक प्रश्न: घरी या फ्रँकची अर्धा किलो चिल्लर आहे. बदलून मिळेल का?

लुव्हेनवासी

नाही. फ्रँकची नाणी नॅशनल बँक २००४ अखेरपर्यंतच बदलून देत होती. नोटा अजूनही घेतात. तसंही १ युरोला ४०.३३९९ फ्रँक असा दर होता, अर्धा किलोचे किती होणार? आता तर इथे एक आणि दोन सेंटही दिसेनासे झालेत. डिसेंबर २०१९ पासून रोख बिल जवळच्या पाच सेंटच्या पटीत करणं बंधनकारक आहे.

टांकसाळ

तळेगावकर, बदलू नका आणि मोडीतही घालू नका. आधी वर्षवार लावा, मग प्रत्येक वर्षाचे भाषेप्रमाणे दोन ढीग करा. जुन्या काही वर्षी एकाच भाषेतलं नाणं निघालं, त्यामुळे एखादा ढीग रिकामा राहिला तर घाबरू नका. १९३८ ते १९४६ मधलं काही असेल तर क्रम बघा. साबण, चिंच, ब्रासो काही लावू नका.

तळेगावकर

लावली! १९३८ चं २५ सेंटिम, भोकाचं, 'बेल्गिए' आधी. एकाच वर्षाची दोन आहेत. सई, तुम्हाला हाच क्रम हवा होता ना?

सई_ठाणे

हाच! बदल्यात जॉर्जच्या काळातली चार लिप्यांची पावली देते. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवते.

वऱ्हाडी_ठेचा

सई, पावली देण्याआधी तिचा एक मोठा फोटो इथे टाका. तेलुगूतलं 'चार आणे' मला नीट बघायचंय.